ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह: आधी पुसा, मग तेल टाका

"दादा, सकाळीच तेल टाकलं होतं, तरी दुसरं बटण अटकून राहिलं."

लग्नसराईत हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. मी ट्रम्पेट हातात घेतो, व्हॉल्व्ह बाहेर काढतो, आणि पोराचं म्हणणं खरंच निघतं. तेल आहे, भरपूर आहे. पण त्या तेलाखाली जुनं तेल आहे, त्याच्याखाली थुंकीचा वाळलेला थर आहे, आणि बोट फिरवलं की काळपट, किंचित खरखरीत चिकटा बोटाला लागतो. त्याचं तेल टाकायचं राहिलेलं नव्हतं, पुसायचं राहिलं होतं.

बँड पार्टीतली मुलं असोत, शाळेच्या बँडमधली असोत की घरी एकट्याने शिकणारे असोत, बहुतेक जण तेल टाकणं हीच पहिली पायरी समजतात. ती जवळजवळ शेवटची आहे. म्हणून इथे सगळा क्रम नीट मांडतो. पहिल्या वेळेस अर्धा तास लागेल, हात बसला की रोजचं काम पाच मिनिटांत होतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

चांगल्या ट्रम्पेटमध्ये पिस्टन आणि तो ज्या नळ्यात वरखाली होतो ते केसिंग, यांच्यात फक्त ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरच्या आसपास जागा असते. डोक्याचा केस साधारण याहून जाड असतो. एवढ्याशा फटीत तेलाला दोन कामं करायची असतात: पिस्टन घसरता ठेवायचा आणि हवा निसटू द्यायची नाही. त्या फटीत धुळीचा एक कण किंवा वाळलेल्या साखरेचा एक पापुद्रा शिरला, तर वरून कितीही तेल ओता, उपयोग होत नाही. उलट तेल तो कण आणखी आत नेतं.

शब्दांचा घोळ नको म्हणून: बोटाखाली येतं ते बटण. त्याखालचा दांडा म्हणजे देठ. केसिंगला वरून आणि खालून फिरकीच्या टोप्या असतात, त्यांना वरची टोपी आणि खालची टोपी म्हणू. नळीचे ओढून बाहेर काढता येणारे वळणदार तुकडे म्हणजे स्लाईड, त्यातली पहिल्या नळीच्या टोकाची मोठी ती ट्यूनिंग स्लाईड. पिस्टनच्या अंगावर बाहेर आलेला छोटासा कान असतो, तो केसिंगच्या खाचेत बसतो आणि पिस्टनला गोल फिरू देत नाही. त्याला गाईड म्हणतात. गाईड लक्षात ठेवा, पुढे अर्ध्या चुका त्याच्याच आहेत.

तयारी: सामान आणि जागा

मांडून ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. व्हॉल्व्ह ऑइल, स्लाईडचं ग्रीस, जुन्या धुतलेल्या सुती धोतराचे दोन-तीन तुकडे, केसिंगमधून आरपार जाईल अशी सफाईची काठी आणि एक-दोन टूथपिक. टॉवेलचा तुकडा घेऊ नका, त्याचे धागे सुटतात. बनियनचं कापडही नवीन असेल तर तंतू सोडतं. वर्षानुवर्षं धुतलेलं धोतर किंवा मलमल यासारखं दुसरं काही नाही.

तेलाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

खोबरेल तेल नको. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि बाथरूममधली खोबरेलाची बाटली पांढरी घट्ट होते, ते सगळ्यांनी पाहिलंय. तेच ट्रम्पेटच्या आत होतं. शिवाय खाद्यतेल हवेने हळूहळू चिकट होत जातं, आणि तो चिकटा साबणानेही सहज निघत नाही.

शिवण मशीनचं तेल नको. या फटीसाठी ते जाड पडतं. पिस्टन खाली जातो, पण वर यायला आळस करतो.

रॉकेल अनेक जुने वादक वापरत आले. ते पातळ असतं, त्यामुळे टाकल्या टाकल्या व्हॉल्व्ह मोकळा वाटतो. पण लवकर उडून जातं, मागे पुरेसा थर राहत नाही, आणि कोरड्या धातूवर धातू घासतो. वासाचा त्रास होतो तो वेगळाच, कारण तुम्ही त्याच नळीला तोंड लावून श्वास घेत असता.

व्हॉल्व्ह ऑइल वाद्यांच्या दुकानातच मागा, आणि मागताना आपलं ट्रम्पेट नवं आहे की जुनं ते सांगा. यामाहाच्या तेलांत लाइट, रेग्युलर आणि व्हिन्टेज असे प्रकार मिळतात. नव्या, घट्ट व्हॉल्व्हसाठी पातळ तेल. वापरून सैल झालेल्या किंवा मुळातच सैल बनलेल्या व्हॉल्व्हसाठी जाड. आपल्याकडे बँडची बरीच वाद्यं मेरठहून येतात, त्यातल्या अनेकांत फट थोडी जास्त असते. अशा ट्रम्पेटला लाइट तेल दिलं तर ते तासाभरात निथळून खालच्या टोपीत जमतं. तिथे जाड प्रकारचं तेल घेतलं की व्हॉल्व्हही टिकतो आणि आवाजही भरतो, कारण हवा गळत नाही. 'रोटर ऑइल' लिहिलेली बाटली मात्र घेऊ नका, ती दुसऱ्या प्रकारच्या व्हॉल्व्हसाठी असते.

खनिज तेल वापरत असाल आणि सिंथेटिक घ्यायचं ठरवलंत, तर आधी ट्रम्पेट पूर्ण धुवा. दोन्ही एकमेकांत मिसळले की कधीकधी गोंदासारखी साय धरते.

सावधान: व्हॉल्व्ह ऑइल औषधाच्या जुन्या बाटलीत किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. बँडच्या खोलीत लहान पोरं असतात. चुकून कोणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, कारण ते तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सरळ दवाखान्यात न्या. तेल पेटतंही, म्हणून गॅस आणि उदबत्तीपासून लांब.

आता जागा. गादीवर किंवा जाड गोधडीवर बसून काम करा, कूलर आणि पंखा बंद करून. कूलरच्या वाऱ्यात धूळ आणि ओल दोन्ही असतात. गादी का, तर शिकत असताना माझ्या हातून तिसरा पिस्टन फरशीवर पडला होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण तो केसिंगमध्ये अर्ध्यावर जाऊन थांबायचा. दुरुस्त होऊन यायला तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत दोन लग्नांचं काम बुडालं. पिस्टन वाकलेला डोळ्यांना कळत नाही, केसिंगला कळतं.

टप्पा १: तोंड आणि पहिली नळी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. व्हॉल्व्हमधली घाण आभाळातून पडत नाही, ती तोंडातून येते. माउथपीसमधून पहिल्या नळीत, तिथून ट्यूनिंग स्लाईडमध्ये, आणि तिथून व्हॉल्व्हमध्ये.

आपल्याकडे याचं एक खास कारण आहे, खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. वरात निघायच्या आधी खर्रा तोंडात टाकायचा आणि थुंकून लगेच वाजवायला लागायचं, ही सवय मी रोज पाहतो. एकदा कामठी रोडवरच्या वरातीनंतर एका मुलाने ट्रम्पेट आणलं. पहिलं बटण तळापर्यंत जातच नव्हतं, आणि त्याने त्यात अर्धी बाटली तेल ओतलं होतं. पिस्टन काढून केसिंगच्या खाचेत टूथपिक फिरवली तर सुपारीचा मोहरीएवढा तुकडा निघाला, चुन्याने पांढरा झालेला. तोच गाईडच्या वाटेत बसला होता. तुकडा काढला, पुसलं, चार थेंब तेल टाकलं, बटण पाण्यासारखं चालू झालं.

तेव्हा वाजवण्याआधी साध्या पाण्याने दोनदा खळखळून चूळ भरा. तर्री-पोहे खाल्ले असतील, गोड चहा किंवा थंड पेय घेतलं असेल, तरी भरा. साखर वाळली की गोंद होते.

मग माउथपीस काढा, त्याच्या आतून छोटा ब्रश फिरवा. ट्यूनिंग स्लाईड काढून पहिली नळी उजेडाकडे धरा. आत हिरवट किंवा तपकिरी साका दिसला तर आज नुसतं तेल टाकून भागणार नाही. खाली दिलेली पूर्ण धुलाई आधी करा.

टप्पा २: व्हॉल्व्ह काढणं, एका वेळी एकच

ट्रम्पेट मांडीवर आडवं घ्या, दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाईड वर येईल असं. हे नेहमीसाठीच लक्षात ठेवा. ती स्लाईड बाजूला बाहेर आलेली असते. ट्रम्पेट उलट्या कुशीवर ठेवलं की सगळा भार तिच्यावर येतो आणि ती सरळ दुसऱ्या केसिंगला आत दाबते. दुसरंच बटण का अडकतं असं विचारणाऱ्या निम्म्या लोकांना हेच उत्तर द्यावं लागतं.

वरची टोपी डावीकडे फिरवून सोडवा. बटण धरून पिस्टन सरळ वर उचला, न फिरवता, न कलवता. तो सहज यायला हवा.

काढताना पिस्टनवरचा आकडा पाहा. बहुतेक पिस्टनांवर १, २, ३ असं कोरलेलं असतं. पहिला माउथपीसच्या सगळ्यात जवळचा. आकडा कुठल्या दिशेला तोंड करून आहे तेही पाहून ठेवा. बऱ्याच ट्रम्पेटमध्ये तो माउथपीसकडे असतो, पण प्रत्येक बनावटीत तसंच असेल असं नाही. आज फोन सगळ्यांच्या खिशात आहे, एक फोटो काढून ठेवा.

सावधान: तिन्ही पिस्टन एकदम काढून गादीवर ओळीने मांडायचा मोह आवरा. एक काढा, पुसा, तेल लावा, बसवा, तपासा, मग दुसऱ्याला हात लावा. असं केलंत तर अदलाबदल होण्याची वेळच येत नाही.

पिस्टन हातात आला की त्याच्या खालच्या, बारीक पोताच्या भागाला बोटं लावू नका. देठाने धरा. बोटांचा घाम, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यातला, खारट असतो.

टप्पा ३: पुसणं

इथे घाई करू नका. खरं काम हेच आहे.

कोरड्या कापडाने पिस्टन गोल फिरवत पुसा. कापडावर काळा डाग येईल, तो येणारच. कापड पालटा, पुन्हा पुसा. तिसऱ्यांदा पुसल्यावर कापड जवळजवळ स्वच्छ निघालं पाहिजे. नाही निघालं, तर कापडावर दोन थेंब व्हॉल्व्ह ऑइल घेऊन पुन्हा पुसा. जुन्या चिकट्याला नवं तेल सैल करतं. मग परत कोरड्या कापडाने.

पिस्टनला आरपार भोकं असतात, हवेचा रस्ता तोच. कापडाचा कोपरा पिळून त्याची वात करा आणि प्रत्येक भोकातून ओढा. गाईडच्या दोन्ही बाजूंना टूथपिकने मळ काढा. टूथपिकच, सुई किंवा पिन नको. पिस्टनवर पडलेला ओरखडा जात नाही.

मग केसिंग. खालची टोपी काढा आणि ती आधी बघा. तिच्यात निथळलेलं तेल, पाणी आणि काळा गाळ यांचं तळं साचलेलं असतं. ते पुसून टाका. काही टोप्यांना मधे बारीक छिद्र असतं, ते मोकळं आहे ना पाहा. ते बुजलं तर खालची हवा अडकते आणि पिस्टन उशीवर दाबल्यासारखा वर-खाली होतो.

सफाईच्या काठीला कापड असं गुंडाळा की धातूचं टोकही उघडं राहणार नाही. केसिंगच्या आत नागडी काठी फिरवणं म्हणजे हाताने ओरखडे काढणं. कापड गुंडाळलेली काठी एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढा, हलकीशी पिळत. कापड फार जाड झालं तर अडकेल, मग ओढाताण होईल, तेव्हा आधी थोडंच गुंडाळा.

तपासा: केसिंग खिडकीकडे धरून आरपार पाहा. आतली भिंत एकसारखी चमकली पाहिजे. कुठे तंतू लोंबतोय का? खाचेत काही बसलंय का? आत्ता दिसलं तर दोन मिनिटांचं काम आहे, पिस्टन बसवल्यावर दिसलं तर सगळं पहिल्यापासून.

पितळ म्हटलं की चिंच, लिंबू, पितांबरी आठवणं साहजिक आहे, देवघरातली समई आपण तशीच उजळतो. पण पिस्टनला आणि केसिंगच्या आत यातलं काहीही लावायचं नाही. ब्रासोही नाही. पावडर आणि पॉलिश धातू घासून काढतात, आणि इथे तर मिलिमीटरच्या शतांशाचाच हिशेब आहे. घासलेला पिस्टन चकचकीत दिसेल आणि हवा सोडायला लागेल.

स्प्रिंग बहुतेक ट्रम्पेटमध्ये पिस्टनच्याच वरच्या भागात असते. बटण हळू वर येतं म्हणून ती काढून ताणू नका. ताणलेली स्प्रिंग वाकडी होते, बाजूला घासते आणि सारख्या जोराने ढकलत नाही. कमजोर झाली असेल तर तिन्ही एकदम नव्या घाला.

टप्पा ४: तेल

पिस्टनच्या खालच्या भागावर, म्हणजे जो केसिंगला टेकतो त्यावर, तीन ते पाच थेंब. पिस्टन हळूहळू फिरवा म्हणजे थेंब चारी बाजूंना पसरतील. भोकांच्या आत तेल नको, स्प्रिंगवर नको, वरच्या फेल्टवर, म्हणजे बटणाखालच्या मऊ लोकरी चकतीवर, तर नकोच. फेल्ट तेल पिऊन फुगतं आणि पिस्टनची थांबायची जागा बदलते. मग भोकं समोरासमोर येत नाहीत आणि सूर दबका निघतो.

खालच्या टोपीच्या छिद्रातून तेल सोडायची एक झटपट पद्धत चालते. ट्रम्पेट उलटं धरायचं, दोन थेंब सोडायचे, झालं. पण त्या टोपीतच सगळा गाळ असतो, हे आत्ताच आपण पाहिलं. तुम्ही तो गाळ तेलात कालवून पिस्टनकडे पाठवता. एखाद्या वेळी रस्त्यावर नाइलाज म्हणून ठीक, रोजची सवय म्हणून नाही.

टप्पा ५: बसवणं

पिस्टन त्याच केसिंगमध्ये, आकडा काढताना होता त्याच दिशेला ठेवून, सरळ खाली सोडा. ढकलू नका. मग बटण धरून पिस्टन किंचित उजवी-डावीकडे फिरवा. गाईड खाचेत उतरला की बारीकसा 'टिक' होतो आणि पिस्टन फिरायचा थांबतो. हा टिक कानापेक्षा बोटांना जास्त कळतो. पहिल्या काही वेळा डोळे मिटून करून पाहा.

टिक झाला नाही आणि तुम्ही टोपी आवळली, तर बटण दाबताना गाईड केसिंगच्या काठावर घासत राहतो. प्लास्टिकचा गाईड असेल तर तुटतो, धातूचा असेल तर केसिंगला चरा पाडतो.

टोपी बसवताना आधी उलटी, डावीकडे फिरवा. एका जागी ती किंचित खाली पडल्यासारखी वाटेल, तिथे आटे जुळले. आता उजवीकडे फिरवा. दोन बोटांनी जेवढी बसेल तेवढीच. वाकडे आटे धरून जोराने आवळलेली टोपी पुढे निघतच नाही, आणि मग कोणीतरी पक्कड घेऊन येतो.

टप्पा ६: तपासणी

बटण वीस-तीस वेळा दाबा, बोटाच्या गादीने, सरळ खाली. बोट आडवं ठेवून, खेचून दाबलं तर पिस्टन एका बाजूला रेटला जातो आणि वर्षभरात ती बाजू झिजते. डाव्या हाताची पकडही पाहा. केसिंगला मुठीत आवळून धरायची गरज नाही, ट्रम्पेट सावरण्यापुरतं धरा.

मग माउथपीसमधून नुसती हवा फुंका. काहीही न दाबता हवा मोकळी गेली पाहिजे. आता हा व्हॉल्व्ह दाबून फुंका, तरी गेली पाहिजे. हवा अडली तर पिस्टन चुकीच्या बाजूने बसलाय किंवा दुसऱ्याच्या जागी गेलाय. जोराने फुंकत बसू नका, काढा, फोटो पाहा, पुन्हा बसवा.

हवा गेली की मगच पुढचा व्हॉल्व्ह. तिन्ही झाले की खालून वरपर्यंत एक सूरमालिका संथ वाजवा आणि मग जलद. जलद वाजवताना एखादा स्वर मागे राहतो का ते ऐका.

किती वेळा करायचं

वाजवाल त्या दिवशी तेल, आठवड्यातून एकदा पुसणं, एवढं घरी वाजवणाऱ्याला पुरतं. बँडमध्ये रोज तीन-चार तास रस्त्यावर असणाऱ्याने पुसणंही रोजच करावं. नवं ट्रम्पेट घेतलं असेल तर पहिले काही आठवडे रोज, कारण कारखान्यात घासलेल्या धातूची बारीक भुकटी तेलासोबत बाहेर येत असते. कापडावरचा राखाडी डाग कमी होत गेला की समजा काम मार्गी लागलं.

एप्रिल-मेमध्ये सगळं लवकर लवकर करावं लागतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे गेला की मुलं म्हणतात, पितळ फुगलं म्हणून व्हॉल्व्ह अडकतो. एवढ्या उष्णतेने पडणारा फरक त्या फटीच्या मानाने फार लहान आहे. खरं कारण असं की कोरड्या गरम हवेत पातळ तेल भराभर उडतं, आणि मागे राहिलेला मळ आटून घट्ट होतो. म्हणून मे महिन्यातल्या वरातीत मधल्या थांब्यावर पुन्हा दोन थेंब लागतात. ट्रम्पेट बंद गाडीत किंवा उन्हात टपावर ठेवू नका. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेसारख्या मोठ्या मिरवणुकीत तर तेलाची बाटली खिशातच हवी. पावसाळ्यात, मारबतीच्या मिरवणुकीनंतर, उलट काळजी: आत शिरलेलं पाणी त्याच संध्याकाळी पुसून काढा.

महिन्यातून एकदा धुलाई

मोठ्या टबात जुना टॉवेल अंथरा म्हणजे ट्रम्पेट आपटणार नाही. पाणी कोमट, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच. उन्हाळ्यात दुपारी टाकीचं पाणी थेट घेऊ नका, ते हात भाजेल इतकं तापलेलं असतं आणि लॅकरला, म्हणजे पितळेवरच्या चकचकीत लेपाला, सोसत नाही. सकाळी भरून ठेवा. भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब.

पिस्टन काढून बाजूला ठेवा, ते टबात टाकायचे नाहीत. त्यांचा खालचा भाग तेवढा नळाखाली धुवायचा, फेल्टला पाणी लागू न देता. स्लाईड काढताना त्या-त्या व्हॉल्व्हचं बटण दाबून मगच ओढा, म्हणजे पिस्टन काढायच्या आधीच हे काम उरकून घ्या. न दाबता ओढलं की आत पोकळी होते आणि स्लाईड फटकन निघते.

लवचिक ब्रश आधी पहिल्या नळीतून, मग ट्यूनिंग स्लाईडमधून, मग बाकीच्यांतून. घाण जिथून येते तिथून सुरुवात. शेवटी स्वच्छ पाण्याने भरपूर खंगाळा. घरी बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खंगाळणं आरओच्या किंवा बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करा. क्षाराचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके उरतात आणि ते ठिपके बारीक वाळूसारखेच वागतात.

सावलीत, कापडावर, पूर्ण वाळू द्या. गच्चीवर नको, उन्हासोबत धूळही येते. मग स्लाईडला ग्रीस, अगदी पातळ थर. व्हॅसलिन लावत असाल तर उन्हाळ्यात ते पातळ होऊन व्हॉल्व्हकडे ओघळतं, म्हणून बाहेर आलेलं प्रत्येक वेळी पुसा. सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह, टप्पा ३ पासून.

तरीही अडकत असेल तर

खाली जाताना एकाच जागी अडत असेल, आणि पुसूनही तिथेच अडत असेल, तर केसिंगला किंवा पिस्टनला पोचा आहे. घरी काही करू नका. दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर मळच आहे, पुन्हा पुसा. वर येताना हळू असेल तर जाड तेल, बुजलेलं छिद्र किंवा थकलेली स्प्रिंग. नुसता टकटक आवाज येत असेल तर फेल्ट झिजलेत. ते तिन्ही एकाच जाडीचे नवे घाला, टेलरकडचं फेल्ट कापून नाही.

पिस्टन पूर्ण अडकला, बाहेर येतच नाही, तर पक्कड आणि हातोडी दोन्ही लांब ठेवा. वरची टोपी सोडवा, खालची काढा, वरून-खालून कडेला चार-चार थेंब तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खालून बोटाने हलकेच वर रेटा. आला तर आला. नाही आला तर कारागिराकडे न्या, आणि त्याला काय-काय टाकलं होतं ते खरं सांगा. खोबरेल टाकलं असेल तर खोबरेल म्हणा, त्यावर त्याची पद्धत ठरते.

माउथपीस अडकला तरी तोच नियम. पिळून काढायला गेलात तर पहिल्या नळीचे टाके सुटतात. माउथपीस काढायचं वेगळं साधन कारागिराकडे असतं.

भर वरातीत अडकलं तर: बाजूला व्हा, गर्दीच्या धक्क्यात पिस्टन काढू नका. दुकानाच्या ओट्यावर बसा, मांडीवर रुमाल अंथरा, अडकलेला एकच काढा, शर्टाला न पुसता खिशातल्या धोतराच्या तुकड्याने पुसा, तीन थेंब, टिक, टोपी, फुंकून पाहा, आणि परत ओळीत या. सवय असेल तर एक गाणं संपायच्या आत होतं.